'ही' म्हणजे 'तो' एवढ्याने भागत नाही

महोदय,

शालेय इंग्रजीविषयी चर्चा निघाली की स्पेलिंग, काळ आणि उच्चार यांच्याबद्दलच तक्रारी होतात. सातारा जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत 31 वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर माझे मत मात्र असे झाले आहे, की आपल्या मुलांचे इंग्रजी वाक्य सर्वांत जास्त वेळा अडते ते तृतीयपुरुषी सर्वनामांपाशी. 'ही', 'शी', 'इट' आणि 'दे' हे शब्द इतके लहान आहेत, आणि 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाल्यामुळे मुलांच्या कानावरून इतक्या लवकर जातात, की ते येतातच असे आपण गृहीत धरतो. फळ्यावरचे कोष्टकही ठरलेले आहे: 'ही' म्हणजे तो, 'शी' म्हणजे ती, 'इट' म्हणजे ते आणि 'दे' म्हणजे ते, त्या, ती. (देवनागरीत लिहिल्यावर हे शब्द उगाच खोड्या काढतात. मराठीतली 'ही' बाई असते, 'शी' आपण किळस आल्यावर म्हणतो आणि 'दे' म्हटले की हात पुढे होतो. पहिलीतल्या पोरांची कधीकधी दयाच येते.)

हे कोष्टक खोटे नाही, पण त्यावर विसंबून मूल जे वाक्य रचते ते चुकते. 'माय फादर इज अ फार्मर. दे गो टू द फील्ड अर्ली,' असे वाक्य मी शेकडो वह्यांत तांबड्या शाईने खोडले असेल. पहिली काही वर्षे मला तो निष्काळजीपणा वाटे. मग एकदा एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, वडलांना 'ही' कसं म्हणायचं?" तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ती व्याकरण चुकत नव्हती, मान राखत होती. मराठीत वडील 'ते' असतात आणि बाई 'त्या' असतात. एकाच व्यक्तीसाठी अनेकवचन वापरून आदर दाखवणे ही आपली रोजची रीत आहे. इंग्रजी सर्वनामाला आदर ठाऊक नाही. तिथे राजाही 'ही' आणि खिसेकापूही 'ही'. एवढे एक वाक्य पाचवीतच समजावून सांगितले, तर पुढची कितीतरी खाडाखोड वाचेल. त्याऐवजी मुले स्वतःच पळवाट काढतात आणि सर्वनामच टाळतात: 'सर हॅज कम, सर इज आस्किंग, सर विल गो.'

दुसरी अडचण लिंगाची. मराठीत पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते. पेन तो की ते, यावर तर एका वर्गातही एकमत होत नाही. इंग्रजीत या सगळ्यांना 'इट' पुरते, कारण तिथे सर्वनाम नामाचे व्याकरणिक लिंग पाहत नाही. माणूस आहे की वस्तू, आणि माणूस असेल तर पुरुष की स्त्री, एवढेच पाहते. जहाजाला 'शी' म्हणण्यासारखे अपवाद आहेत, पण लंडनच्या 'लॉइड्स लिस्ट' या नौकानयनविषयक वृत्तपत्रानेही 2002 मध्ये ती प्रथा सोडून जहाजांना 'इट' म्हणायला सुरुवात केली.

मात्र याच 'इट'चे एक काम असे आहे की त्याला कोष्टकात जागाच नाही. आपण 'पाऊस पडतोय', 'उशीर झाला', 'पाच वाजले' म्हणतो. इंग्रजीत या तिन्ही वाक्यांच्या तोंडाशी 'इट' लागते. "यातला 'इट' म्हणजे कोण?" असे मुले विचारतात, आणि 'कोणीही नाही' हेच त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. मराठीत क्रियापदाच्या रूपातच कर्ता बराचसा कळतो. नुसते 'आली' म्हटले तरी येणारी स्त्री आहे, किंवा निदान एसटी आहे, हे समजते. इंग्रजी क्रियापद असे काही सांगत नाही, म्हणून तिथे कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. सांगण्यासारखे कोणी नसले तरी तिथे 'इट' बसवावे लागते. कर्माचेही तसेच. 'पुस्तक वाचलंस का?' या प्रश्नाला 'वाचलं, आवडलं' हे मराठीत पुरेपूर उत्तर आहे. त्याचे 'आय रेड, आय लाइक्ड' केले की इंग्रजी कानाला ते अर्धवट वाटते, कारण दोन्ही ठिकाणचा 'इट' गळालेला असतो.

सर्वच बाबतींत इंग्रजी काटेकोर आणि मराठी सैल, असे मात्र कोणी समजू नये. 'मोहन टुक सुनील टू हिज हाउस' या वाक्यात घर कोणाचे? इंग्रजी ते सांगत नाही, संदर्भावर सोडून देते. मराठीत मोहनने सुनीलला 'आपल्या' घरी नेले असेल तर घर मोहनचे, आणि 'त्याच्या' घरी नेले असेल तर बहुतेक वेळा सुनीलचे. 'आपला' हा शब्द कर्त्याकडे बोट दाखवतो, आणि असा शब्द इंग्रजीकडे नाही. कोष्टकात 'आपला' कुठेच नसतो, त्यामुळे आपल्याजवळ काय आहे हे मुलांना कळत नाही.

एकवचनी 'दे'विषयी थोडे अधिक लिहितो ते यासाठी, की आजही अनेक शाळांत त्याला सरसकट चूक धरून गुण कापले जातात. 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला' या वाक्यात छत्री विसरणारा पुरुष की स्त्री हे माहीत नाही, म्हणून इंग्रज माणूस सहजपणे 'देअर' म्हणतो. आणि हा वापर आजकालचे फॅड नसून चौदाव्या शतकापासून लेखी सापडतो. अशा जागी 'ही' वापरावा, हा आग्रह पुढे व्याकरणकारांनी धरला, आणि 1850 च्या एका ब्रिटिश कायद्याने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश मानला. आपल्याकडे 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमात तोच नियम अजून आहे. बोलणाऱ्यांनी मात्र 'दे' कधी सोडला नाही. आता स्वतःला पुरुष किंवा स्त्री न मानणाऱ्या व्यक्तीसाठीही तो वापरला जातो, आणि मेरियम-वेब्स्टर या कोशकारांनी 2019 मध्ये 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. एका माणसासाठी अनेकवचन कसे चालेल, असे विचारणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी एवढेच विचारत असे, की मग 'आजोबा आले' हे कसे चालते? इंग्रजीतला 'यू' सुद्धा मुळात अनेकवचनीच होता. एका माणसाला 'यू आर' म्हणताना आज कोणी अडखळत नाही. खरे तर हा वापर समजायला मराठी मुलाइतके सोपे कोणालाच जाऊ नये.

आता आपल्या वृत्तपत्राविषयी. इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या बातम्यांत ही अडचण उलट बाजूने शिरते. इंग्रजीला प्रत्येक ठिकाणी 'हिज' लागतो म्हणून मराठीतही 'त्याने त्याचा हात त्याच्या खिशात घातला' असे छापून येते. 'त्याने खिशात हात घातला' म्हटल्यावर दुसऱ्याच्या खिशाची शंका कोणाला आली असती? शिवाय मूळ मजकुरातला 'ही' मराठीत 'तो' करायचा की 'ते', हा निर्णय उपसंपादकाला स्वतः घ्यावा लागतो, कारण इंग्रजी त्याला काहीच सुचवत नाही. तो निर्णय कसा घेतला जातो, हे मी वाचक म्हणून वर्षानुवर्षे पाहतो आहे: फलंदाज द्विशतक ठोकूनही 'तो'च राहतो, नगरसेवक मात्र नाल्याच्या उद्घाटनालाही 'ते' असतात. खेळाडूला 'तो' म्हणण्यात जिव्हाळा आहे हे मला मान्य आहे, पण साठी ओलांडलेल्या निवृत्त प्रशिक्षकालाही त्याच सवयीने 'तो' म्हटलेले खटकते.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत इंग्रजीचे सदर असतेच. त्यात तयार कोष्टकांऐवजी अशी जोडवाक्ये छापावीत, ज्यांत एकच गोष्ट दोन्ही भाषांत आपापल्या रीतीने सांगितलेली असेल. 'पाऊस पडतोय'पासून सुरुवात करावी आणि 'आपल्या' घरापर्यंत यावे. उदाहरणे हवी असल्यास माझ्या जुन्या वह्यांत भरपूर आहेत.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा