आबांच्या एमआरआयआधी

शिरपूर,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय जिभाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा केळीला पाणी सोडलेलं होतं, नीट बोलता आलं नाही. आबांच्या मेंदूतल्या गाठीचं रेडिएशन संपून महिना होतोय आणि सोमवारी धुळ्याला पहिला एमआरआय, एवढंच तू सांगितलंस. पण तुझ्या आवाजातली धाकधूक मी ओळखली. माझ्या थोरल्या भावाच्या, नानाच्या वेळी माझीही तीच गत होती. म्हणून लिहूनच पाठवतोय, म्हणजे तुला दोनदा वाचता येईल.

आधी मुद्द्याचं सांगतो. सोमवारच्या रिपोर्टात गाठ वाढल्याचं आलं, तरी तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं धरून चालू नकोस. आणि डॉक्टरांनी स्वतः चित्रं बघितल्याशिवाय पुढचा डोस तर अजिबात थांबवू नकोस.

नानाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, आबांना आहे तोच. ऑपरेशन झालं, मग नाशिकला खोली करून 6 आठवड्यांत रेडिएशनच्या 30 बैठका आणि रोज टेमोझोलोमाइड ही कॅन्सरची गोळी. महिन्याने एमआरआय. घाईत जुनी सीडी घरीच राहिली, त्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्यापुढे मिळवून बघायला काहीच नव्हतं. संध्याकाळी पाकीट हातात आलं. फिल्म खिडकीशी धरली तर उजव्या अंगाला पांढरं कडं, मला तरी आधीपेक्षा जाड वाटलं. खाली लिहिलेलं: आजार वाढल्याची शक्यता. वहिनी ओट्यावर बसून राहिली, भरताची वांगी चुलीत जळून कोळसा झाली. भेटायला आलेले एक पाहुणे म्हणाले, आता कशाला गोळ्या देता, सुखाने राहू द्या त्याला. दोन दिवस आम्ही खरोखर त्या विचारात होतो, जिभाऊ. ते पांढरं म्हणजे नेमकं काय, हे तोवर कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

ते असं आहे. तपासणीच्या वेळी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्यांची भिंत घट्ट असते, त्यातून ते बाहेर येत नाही. भिंत खराब असेल तिथे ते पाझरतं आणि ती जागा पांढरी चमकते. आपल्या ठिबकचंच बघ ना. नळी फुटली की ओल दिसते, पण नळी उंदराने कुरतडली की उन्हाने तडकली, ते ओलीवरून कळत नाही. गाठीच्या वाहिन्या गळक्या असतात, आणि रेडिएशन न् औषधाने पोळलेली जागाही तशीच गळते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत डाग वाढलेला दिसतो आणि पुढे उपचार तेच ठेवूनही ओसरतो, असं बऱ्याच जणांत होतं. त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाचं जनुक मिथाइलेटेड, म्हणजे बंद पडलेलं असतं, त्यांना टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं, आणि हा फसवा डागही त्यांच्यातच जास्त दिसतो. आबांच्या बायोप्सीच्या कागदांत तो शब्द शोधून ठेव.

आमच्या डॉक्टरांनी आधी नानाला चालायला लावलं, दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, स्टेरॉइड किती चालू आहे ते विचारलं. मग दोन्ही सीडी शेजारी शेजारी लावल्या. पर्फ्यूजनच्या चित्रात त्या कड्यातून रक्त फारसं खेळत नव्हतं. जोमाने वाढणाऱ्या गाठीत ते सहसा भरपूर असतं. डिफ्यूजनच्या चित्रात पेशींमधलं पाणी किती मोकळं फिरतं ते दिसतं. दाट बागेत वारा शिरत नाही, तसं पेशी खच्चून भरल्या की पाणी अडतं, पेशी मेल्या की मोकळं होतं. नानाचं मोकळं होतं. नुसत्या एका चित्रावर ते काही ठरवत नाहीत, पण सगळं मिळून त्यांचा कल ठरला: डोस चालू ठेवा, 8 आठवड्यांनी पुन्हा बघू.

त्या 8 आठवड्यांनी कडं बारीक झालेलं होतं.

डॉक्टर लोक याचं मोजमाप रानो नावाच्या निकषांनी करतात, ते 2010 मध्ये ठरले. डागाची सर्वांत मोठी लांबी आणि तिला काटकोनातली रुंदी यांचा गुणाकार करायचा. तो निम्म्याने घटला तर औषधाला प्रतिसाद, 25 टक्क्यांनी वाढला तर आजार वाढला. सोबत स्टेरॉइड आणि माणसाची तब्येतही बघतात. 2023 मध्ये हे निकष सुधारले, तेव्हा रेडिएशननंतरचा एमआरआय हाच मोजणीचा आरंभ धरला आणि पहिल्या 12 आठवड्यांत वाढ दिसली तर पुन्हा एमआरआय करून खात्री करायची असं ठरलं. म्हणजे आबांचं पुढचं सगळं माप सोमवारच्या चित्रावरून निघणार आहे.

उलटी फसगतही होते. बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध दिलं की गळती बंद होते आणि डाग थोड्याच दिवसांत फिका पडतो, पण गाठ आत तशीच असू शकते. तिथे फ्लेअर नावाचं एमआरआयचं वेगळं चित्र बघावं लागतं. स्टेरॉइडनेही पांढरं कमी दिसतं, म्हणून त्या दिवशीचा डेक्साचा, म्हणजे स्टेरॉइडचा डोस वहीत तारखेसह लिहून ठेव. ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही सीडी घे, नुसत्या फिल्मवर भागत नाही. किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्टही जवळ असू दे. पुढचे एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा.

नाना पूर्ण बरा झाला असं मी लिहिणार नाही, हा आजार तसा नाही. पण त्याच्या गोळ्यांची पाचवी फेरी झालीय, आणि काल आखाजीला पितरांची आगारी त्याने स्वतःच्या हाताने टाकली. एमआरआयच्या आवाजाचं विचारलं की अजून म्हणतो, "डोकामा मोटार चालू शे अशे वाटनं." आबांना हे आधीच सांगून ठेव, नाहीतर आत घाबरून हलतील आणि चित्र बिघडेल.

आणखी एक. अंगावर कुठलाही धातू चालत नाही. नानाचा चांदीचा करदोडा लहानपणापासून कमरेला, कधी काढलेला नाही. गाठ सुटेना, शेवटी कापावा लागला, आणि मशीनपेक्षा त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. नाना आत असताना पूर्ण वेळ मी तो करदोडा मुठीत धरून बाहेर उभा होतो.

मी पहिल्या एसटीने थेट धुळ्याला येतो. आबांच्या करदोड्याची गाठ रविवारी रात्रीच तेल लावून सोडवून ठेव.

तुझाच,
नानाचा धाकटा