सूचना : हिवाळ्यात बोटींच्या बॅटऱ्या आणि सोलर चार्जिंग

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, येत्या रविवारी बोटी हिवाळ्यासाठी झाकल्या जातील. शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने धक्क्यावर येऊन आपली बॅटरी तपासावी.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. लहान सोलर पॅनेल भरलेली बॅटरी टिकवतं. उतरलेली भरणं त्याच्या आवाक्यातलं नाही. चार्जर काढल्यावर काही तासांनी १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर साधारण १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. बरीच उतरलेली बॅटरी तशीच सोडलीत तर प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि कडक थंडीत आतलं द्रावण गोठून बॅटरी फुटू शकते.

- पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारं उपकरण) हवाच. आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. फ्यूज बॅटरीजवळ.
- पॅनेल ताडपत्रीच्या वर. (हसू नका, गेल्या वर्षी दोन पॅनेलं खाली सापडली!)
- लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. ती मात्र अर्धीच भरून जोडण्या काढून ठेवा.

मेन स्विच बंद करा, पण बोट पाण्यात राहणार असेल तर बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) चालू राहील याची खात्री करा. महिन्यातून एकदा व्होल्टेज मोजून जा.