काम सुरू व्हायच्या आधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "काम अजून हातात आलेलं नाही, मग दोन-दोन दिवस मीटिंग कसल्या घेतेस?" आईने "जाऊ द्या हो, तिला उशीर होतोय" म्हणून विषय मिटवला आणि मीही फोन ठेवला. प्रश्न मात्र आठवडाभर डोक्यात राहिला. इतकी वर्षं मी डिझाइनचं काम करतेय, आणि त्यातला जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तोच तुम्हाला कधी नीट सांगितलेला नाही. फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसले. पत्रच का, त्याला आणखी एक कारण आहे. ते पुढे येईल.

आई, तू ओपीडीत असतानाची गोष्ट सांगायचीस. पेशंट यायचा तो औषधाचं नाव घेऊनच यायचा. "मला ती पिवळी गोळी द्या." तू त्याला बसवायचीस आणि विचारायचीस, कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, खाल्ल्यावर वाढतं की उपाशीपोटी, याआधी काय घेतलं होतं. केसपेपरवर हे सगळं आल्याशिवाय तू पुढचं पाऊल टाकायची नाहीस. माझ्याकडे येणारे क्लायंटही गोळीचं नावच घेऊन येतात. "आम्हाला नवी वेबसाइट हवी." "आम्हाला ॲप हवं." कुठे दुखतंय ते त्यांनी सांगितलेलं नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं. ज्या मीटिंगबद्दल बाबांनी विचारलं ती माझी केसपेपर भरायची वेळ. आमच्यात तिला स्कोपिंग वर्कशॉप म्हणतात. स्कोप म्हणजे कामाची हद्द, या कामात काय येतं आणि काय येत नाही.

मी स्वतंत्रपणे काम करायला लागले तेव्हा असलं काही करत नव्हते. दोन मेल, एक फोन, आणि लगेच कोटेशन. तेव्हाचं एक काम तुम्हालाही आठवत असेल, मी रात्री-रात्री जागत होते आणि आई सारखी विचारायची, तब्येत बरी आहे ना. त्या क्लायंटने वेबसाइट मागितली होती. सगळं डिझाइन झालं, मंजूर झालं, आणि मग त्यांच्या एका अधिकाऱ्याने पहिल्यांदाच ते पाहिलं आणि विचारलं, "दुसऱ्या भाषेतलं कुठे आहे?" त्यांनी दोन भाषा गृहीत धरल्या होत्या, मी एक. दोघंही खरं बोलत होतो. कागदावर मात्र एक शब्द नव्हता. दुसऱ्या भाषेत वाक्यं लांब होत होती, बटणांत शब्द मावेनात, जवळजवळ प्रत्येक पान पुन्हा बांधावं लागलं. सात आठवडे जास्तीचं काम केलं आणि त्याचे पैसे मागायला मला तोंड नव्हतं, कारण विचारायचं मी राहून गेले होते. तेव्हापासून मी वर्कशॉपशिवाय कोटेशन देत नाही. आणि बाबा, त्या दोन दिवसांचेही पैसे मी वेगळे घेते. तो कागद क्लायंटचा असतो, पुढचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तरी त्यांच्या उपयोगाचा.

सगळे एका खोलीत असले की हे तुलनेने सोपं जातं. भिंतीवर चिठ्ठ्या लावायच्या, उभं राहून बोलायचं. पण माझे क्लायंट क्वचितच एका गावात असतात, त्यामुळे सगळं स्क्रीनवर चालतं. सात-आठ चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा, आणि शेजारी मिरो किंवा फिगजॅमचा एक मोठा पांढरा बोर्ड, ज्यावर सगळ्यांना एकाच वेळी चिठ्ठ्या चिकटवता येतात. खोलीतलं वर्कशॉप जसंच्या तसं उचलून स्क्रीनवर ठेवलं की ते फसतं. सुरुवातीला मी चार तासांचं एकच सत्र घ्यायचे. दुसऱ्या तासाला लोक मेल वाचायला लागायचे, डोळ्यांवरून लगेच कळतं. आता दीड-दीड तासाची सत्रं करते, दोन वेगवेगळ्या दिवशी, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, आणि त्या सुट्टीत कॅमेरे बंद करायला लावते. मधली रात्र फार उपयोगाची असते. पहिल्या दिवशी घाईत "हो" म्हणालेली माणसं दुसऱ्या दिवशी "मी विचार केला" म्हणून येतात.

आदल्या दिवशी मी प्रत्येकाला दहा मिनिटं बोर्डवर बोलावते. काम एकच, स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावायची. हे फालतू वाटेल, पण वर्कशॉपमध्ये गप्प बसणाऱ्यांपैकी बरेच जण मत नसतं म्हणून गप्प नसतात. कुठे दाबायचं ते कळत नाही आणि सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो. तो संकोच आदल्या दिवशी दोघांतच मोडून टाकलेला बरा.

आता खरी अडचण सांगते. २००९ साली दहा भाषांमधल्या रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसं सरासरी किती थांबतात, हे त्यात मोजलं होतं. उत्तर आलं, सेकंदाचा साधारण पाचवा भाग. भाषेभाषेत थोडा फरक, पण सगळीकडे वेळ इतकाच चिमुकला. समोरासमोर बसल्यावर आपण समोरच्याने श्वास घेतला, मान उचलली, एवढ्यावरून ओळखतो की आता हा बोलणार. इंटरनेटवर नुसता आवाज पोहोचायलाच कधी कधी तेवढा वेळ लागतो. म्हणजे सावकाश बोलणारा माणूस तोंड उघडेपर्यंत चटपटीत माणसाचं दुसरं वाक्य सुरू झालेलं असतं. तो एकदा थांबतो, दोनदा थांबतो, आणि मग म्यूटचं बटण दाबून बसून राहतो. कुणी त्याला गप्प केलेलं नसतं, तरी तो गप्प होतो.

म्हणून माझ्या वर्कशॉपमध्ये आधी कुणीच बोलत नाही. प्रश्न बोर्डवर लिहिते, टायमर लावते, सात मिनिटं सगळे आपापल्या चिठ्ठ्या लिहितात. पहिल्यांदा ही शांतता मला सोसवत नव्हती, दीड मिनिटातच काहीतरी बोलून जायचे. आता पूर्ण वेळ थांबते. मग सारख्या अर्थाच्या चिठ्ठ्या जवळजवळ सरकवायच्या आणि तयार झालेल्या गठ्ठ्यांना नावं द्यायची. ही पद्धत जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची. नेपाळच्या डोंगरांत काम केलेला माणूस. गावोगाव हिंडून जमलेल्या टिपणांचा ढीग कसा लावायचा, यातून त्यांनी ती बसवली आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून (जपानीत आडनाव आधी येतं) तिला केजे पद्धत असं नाव पडलं. मला तिचा एक नियम फार आवडतो. आधी कप्पे करून त्यांत चिठ्ठ्या घालायच्या नाहीत, चिठ्ठ्यांनाच एकमेकींजवळ जाऊ द्यायचं.

मागच्या महिन्यातलं एक वर्कशॉप सांगते. यंत्रांचे सुटे भाग विकणारे क्लायंट होते, सात माणसं. त्यांच्या प्रमुखांचं म्हणणं, साइट जुनाट दिसते, ती नवी करून द्या, नव्या साइटवर ऑर्डरी वाढतील. प्रश्न मी असा ठेवला होता, "गिऱ्हाईक कुठे अडतं?" सात मिनिटं झाली. बहुतेक चिठ्ठ्यांवर रंग, फोटो, वेग असलं काहीबाही होतं. कोपऱ्यात तीन चिठ्ठ्या एका माणसाच्या होत्या, माल पाठवायच्या विभागातल्या. कॅमेरा बंद, तोवर एक शब्द बोलले नव्हते. पहिलीवर लिहिलं होतं, "लोक तुटलेल्या पार्टचा फोटो पाठवतात." दुसरीवर, "पार्ट नंबर कुणालाच माहीत नसतो." तिसरीवर नुसतं "माझा अर्धा दिवस". मी त्यांना नाव घेऊन विचारलं, तिसरी चिठ्ठी जरा सांगाल का? आणि थांबले. खूप वेळ काहीच आलं नाही. प्रमुख बोलायला पुढे झाले, तेव्हा मी हात वर करून त्यांना थांबवलं. मग आवाज आला. साइटवर शोधायला पार्ट नंबर लागतो. नंबर भागावर कोरलेला असतो आणि वापरून वापरून घासून जातो. मग माणसं तो भाग हातात धरून फोटो काढतात आणि यांच्या फोनवर पाठवतात, आणि हे अनुभवावरून ओळखून नंबर कळवतात. रोज. कित्येक वर्षं. प्रमुखांना याची कल्पनाच नव्हती. ते एवढंच म्हणाले, "हे मला का नाही सांगितलं?" आणि पलीकडून उत्तर आलं, "विचारलं नाही कधी."

त्या एका वाक्याने अख्खं काम बदललं. नवा चेहरामोहरा मागे पडला. यंत्र निवडा, चित्रातल्या भागावर बोट ठेवा, नंबर मिळेल, असं एक पान सगळ्यात वर आलं.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात मी एका उलट्या प्रश्नाने करते. समजा सहा महिने उलटले आहेत आणि हे काम सपशेल फसलं आहे, तर का फसलं असेल? याला प्री-मॉर्टेम म्हणतात. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. "काही धोका दिसतो का?" असं विचारलं की सगळे सभ्यपणे "नाही" म्हणतात. फसलंच आहे असं धरलं की जिभा मोकळ्या होतात. मजकूर कोण लिहिणार ते ठरलेलंच नव्हतं, मंजुरी पाच जणांकडे अडकली, असं सगळं बाहेर येतं. मग मागण्यांची वाटणी. हवंच, असायला हवं, असलं तर बरं, आणि या वेळी नाही. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ही चार खान्यांची पद्धत काढली. पहिला खाना आपोआप भरतो, तिथे सगळ्यांनाच सगळं हवं असतं. मी वेळ घालवते तो चौथ्या खान्यावर. "या वेळी नाही" मध्ये काहीतरी ठेवताना माणसांना वाईट वाटतं, त्यांना वाटतं आपली मागणी मारली. मी सांगते, मारली नाही, लिहून ठेवली. तिथे लिहिलेली गोष्ट नंतर भांडण होऊन परत येत नाही. दुसरी भाषा त्या खान्यात एका ओळीने लिहिलेली असती, तर माझे ते सात आठवडे वाचले असते.

दुसरं सत्र संपलं की चोवीस तासांत सगळं दोन पानांत लिहून मी पाठवते. काय करायचं, काय नाही, कोण ठरवणार, काय अजून माहीत नाही. त्यावर त्यांची सही आली की मगच कोटेशन. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आणि आता पत्राचं दुसरं कारण. त्या विभागातल्या माणसाचं "विचारलं नाही कधी" ऐकलं आणि त्या रात्री मला आपले रविवारचे फोन आठवले. दादा आणि मी दोघंही भरभर बोलणारे. आई आमच्या वेगाने उत्तरं देते. बाबा चौकटीच्या कडेला, अर्धा खांदा दिसतो. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, ते जरा थांबून बोलतात, आणि तेवढ्यात आमचं पुढचं सुरू झालेलं असतं. गेलं वर्षभर आम्ही दोघं तुम्हाला एकच विचारतोय, "आमच्याकडे राहायला कधी येताय?" म्हणजे मी माझ्याच माणसांकडे गोळीचं नाव घेऊन गेले. कुठे दुखतंय ते विचारलंच नाही. क्लायंटसमोर सात मिनिटं गप्प बसणारी मी बाबांसाठी दोन सेकंद थांबले नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वर्कशॉपच्या आधी मी क्लायंटना प्रश्न पाठवते, विचार करायला वेळ मिळावा म्हणून. तसे तुम्हाला पाठवतेय. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, एकमेकांना दाखवू नका. दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते? कुठल्या गोष्टीला आता मदत लागते, आणि कुठल्या गोष्टीत कुणी हात घातलेला अजिबात आवडणार नाही? या घरातलं काय सोडवत नाही? आमच्याकडे आलात आणि वर्षभराने ते फसलं, तर का फसलं असेल? आणि एक चौथा खानाही करा, "या वेळी नाही". तिथे जे लिहाल त्यावर मी आणि दादा वाद घालणार नाही. त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

रविवारी मी लॅपटॉपवरून फोन लावेन. तुमचा फोन टेबलावर समोर, दोघांच्या मध्ये ठेवा आणि आवाज पूर्ण वाढवा, बाबांनाही नीट ऐकू येईल. आधी बाबा त्यांचा कागद वाचतील, मग आई. तोवर मी आणि दादा म्यूटवर असू.

तुमची,
धाकटी