एक्सॉनची व्याख्या अर्धवट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील जनुकीय तपासण्यांवरचा लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे. परंतु त्यात 'एक्सॉन म्हणजे जनुकातील प्रथिनाचा संकेत असलेला भाग आणि इंट्रॉन म्हणजे निरुपयोगी भाग' असे म्हटले आहे. यातील पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसरे चुकीचे.

जनुकातील मजकूर सलग नसून मध्ये मध्ये तुटलेला असू शकतो, हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. पुढच्याच वर्षी वॉल्टर गिल्बर्ट यांनी एक्सॉन आणि इंट्रॉन हे शब्द सुचवले. पेशी आधी सबंध जनुकाची आरएनए-प्रत काढते, मग त्यातील इंट्रॉन छाटून उरलेले तुकडे जोडते. या पक्व प्रतीत जे टिकते ते एक्सॉन. म्हणजे कसोटी टिकण्याची आहे, प्रथिन घडवण्याची नव्हे. प्रतीच्या दोन्ही टोकांना प्रथिनात न उतरणारा मजकूर असतो, तोही एक्सॉनचाच भाग. कित्येक जनुकांचा पहिला एक्सॉन तर संपूर्ण असाच असतो. स्त्रियांच्या पेशींतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय करणाऱ्या 'एक्सआयएसटी' जनुकाला एक्सॉन आहेत, पण त्यापासून प्रथिन बनतच नाही.

हा केवळ शब्दच्छल नाही. स्नायूंच्या ड्युशेन विकाराशी संबंधित डिस्ट्रॉफिन जनुकात ७९ एक्सॉन आहेत. मुलाच्या अहवालात 'एक्सॉन ४५ वगळला गेला आहे' असे असेल, तर आजार सहसा तीव्र असतो. मात्र ४५ ते ४७ असे तीन एक्सॉन गेले असतील, तर बहुधा बेकर हा सौम्य प्रकार दिसतो. अधिक गमावूनही त्रास कमी, हे पालकांना कोडे वाटते. उत्तर साधे आहे: प्रथिनाचा संकेत तीन-तीन अक्षरांनी (म्हणजे जनुकातील रासायनिक घटकांनी) वाचला जातो, पण एक्सॉनची सीमा ते त्रिक पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. एकट्या ४५व्या एक्सॉनमध्ये १७६ अक्षरे आहेत; तीनने पूर्ण भाग जात नाही, म्हणून तो एकटा गेला की पुढचे सगळे वाचन बिघडते. तिघांची मिळून ४७४, आणि या संख्येला तीनने पूर्ण भाग जातो, त्यामुळे पुढचे वाचन बिघडत नाही. प्रत्येक एक्सॉनला संकेताचा स्वयंपूर्ण तुकडा मानणाऱ्याला हे उमगणार नाही.

इंट्रॉनला निरुपयोगी ठरवणे तर आपल्याकडे विशेष घातक आहे, कारण भारतात बीटा थॅलॅसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला कारणीभूत ठरणारा सर्वाधिक आढळणारा बदल हिमोग्लोबिनचा घटक घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे. तिथले एक अक्षर बदलले की छाटणीची जागा चुकते आणि पक्व प्रत बिघडते.

जाता जाता, त्याच लेखात एके ठिकाणी 'ॲक्सॉन' छापले गेले आहे. तो चेतापेशीचा अक्षतंतू. देवनागरीत दोन्ही शब्द इतके सारखे दिसतात की मुद्रितशोधकाला दोष देववत नाही, पण विद्यार्थी घोटाळ्यात पडतात.

पुढील पुरवणीत 'पक्व आरएनए-प्रतीत टिकणारा जनुकाचा भाग' अशी व्याख्या दुरुस्तीसह छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा