३७ नंबरचं पान

काका, नमस्कार.

आधीच सांगतो, तुमचं नाव लिहीत नाहीये. मागं आपल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तुमचा सत्कार ठरला होता तेव्हा ऐन शाल घालायच्या वेळेला तुम्ही पाण्याची टाकी भरली का बघायला गेलावता, तेवढ्यावरनं मला अंदाज आलाय. गावातल्यांना कळेलच कुणाबद्दल लिहिलंय, बाकीच्यांना कळून काय करायचंय.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो हे मला परवा कळलं. आपल्याकडं ग्रंथालयशास्त्र उभं करणारे रंगनाथन, त्यांचा जन्मदिवस. तुम्हीच एकदा सांगितलं होतं की ते मुळात गणिताचे मास्तर आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला एक असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि पुढचा असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मला तेव्हा ते एवढं काही भारी वाटलं नव्हतं खरं सांगायचं तर. म्हटलं हे काय, उघडच आहे की. पण उघड असून मला माझं पुस्तक मिळायला वयाची छत्तीस वर्षं गेली, म्हणजे तेवढं उघड नसणार.

शाळेत आमच्या काचेचं कपाट होतं. आत पुस्तकं, बाहेर कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी कपाट उघडायचं, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक द्यायचं, साहेब गेले की मोजून परत. "पानं दुमडू नका रे" एवढंच वाचनाबद्दल मला शाळेनं शिकवलं. पुढं डिप्लोमा, मग कुपवाड एमआयडीसीत ऑपरेटर, पुस्तकाचा संबंधच संपला. २०२२ च्या दिवाळीत सुपरवायझर केलं आणि पंचाईत झाली. मशीनबरोबर माझं कधी वाजलं नाही, माणसांबरोबर रोज वाजायला लागलं. मीटिंगमध्ये बोलायला उभं केलं की घसा कोरडा, आणि लाईनवर पोरांशी बोलायचं म्हटलं की शिवीशिवाय वाक्य सुरू होईना. मग कंपनीनं एक ट्रेनर आणला. कोट, गळ्यात माईक, आम्हाला सगळ्यांना हात वर करायला लावून "मी जिंकणार" म्हणायला लावलं, आणि शेवटी म्हणाला यशस्वी माणसं वर्षाला ५२ पुस्तकं वाचतात, तुम्ही किती वाचता? कुणीच हात वर केला नाही तर तो हसला. ते हसणं माझ्या अजून डोक्यात आहे. मग त्यानंच आणलेला सहा पुस्तकांचा सेट, १८०० रुपये, पगारातनं तीन हप्त्यात. घेतला. न घेऊन सांगतोय कुणाला, साहेब समोर उभे.

त्यातलं एक मी अकरा पानं वाचलं. दुसऱ्याची चार. प्रत्येक वाक्य मराठीत होतं पण मराठी नव्हतं, काय सांगू. मला वाटलं माझंच डोकं नाही, डिप्लोमावाल्याचं काम नाही हे. (नंतर तुम्ही सांगितलं की अनुवादाचं पुस्तक घ्यायचं असेल तर दोन वाक्यं तोंडानं म्हणून बघा, जीभ अडखळली तर दोष तुमचा नाही, अनुवाद कच्चा आहे. हे कुणीतरी मला त्या १८०० रुपयांच्या आधी सांगायला पाहिजे होतं.)

आणि शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात पण गेलो होतो बरं का एकदा, सुट्टी टाकून. काउंटरवरच्यांनी मान वर न करता विचारलं, "लेखक कोण? शीर्षक काय?" मला दोन्ही माहीत नव्हतं. "मग काय माहिती आहे?" असं म्हणाले. मी परत फिरलो, चौकात वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

हे सगळं होऊन मग मी २०२३ च्या संक्रांतीनंतर तुमच्याकडं आलो. घरापासून पाचशे पावलं आणि सगळ्यात शेवटी आलो. आपल्याकडं औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, लोकं लांबून येतात, आणि मी कृष्णाकाठचा असून तिथं फक्त दत्ताला जाणारा. तुम्ही तेव्हा फाटलेल्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत बसलावता. मी म्हटलं, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं काहीतरी द्या. मला वाटलं आता विचारतील आधी काय वाचलंय. तुम्ही विचारलं, "शिफ्ट किती ते किती असती ओ?" मी सांगितलं सात ते साडेतीन. तर म्हणाला, "गाडीत बसायला मिळतंय का उभं राहून येताय?"

जाताना बसायला मिळतं, येताना उभं, असं सांगितल्यावर तुम्ही उठून आत गेला आणि एका हातात मावेल असं पुस्तक आणलं. माणदेशी माणसं. म्हणालात, एकेक माणूस आठ-दहा पानाचा आहे, सांगली येईपर्यंत एक माणूस होतोय. लिहिणारा व्यंकटेश माडगूळकर, आपल्याच जिल्ह्यातला, माडगूळचा, आटपाडी तालुका. मी म्हटलं पण हे डेव्हलपमेंटचं आहे का? तुम्ही म्हणालात, "बघा की. नसलं तर परत आणा, काय दंड न्हाई त्याला."

त्या पुस्तकाची पानं फुगलेली होती. मला लगेच कळलं ती का फुगलीत, आणि हे मी आजपर्यंत तुम्हाला सांगितलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर आम्ही सगळे घरातला गाळ काढत होतो, गाद्या फेकत होतो, आणि तुम्ही शाळेच्या पटांगणात पत्रे टाकून त्यावर पुस्तकं उभी करून वाळत घातलीवती, पंख्यासारखी उघडून. दर तासाला येऊन पानं उलटायचा. तेव्हा आम्ही चौघं-पाचजण रस्त्यानं जात होतो आणि एकजण म्हणाला, "काकांनी पापड घातल्यात काय." सगळ्यात मोठ्यानं मी हसलोवतो. तुम्ही ऐकलं असणार. आणि साडेतीन वर्षांनी त्यातलाच एक पापड तुम्ही माझ्या हातात दिला.

तर पुस्तक सुरू केलं आणि चक्क पुढं गेलं. चार-पाच दिवस गाडीत वाचलं. मग मार्चएन्डचं प्रॉडक्शन, मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन, पुस्तक टीव्हीवर गेलं, त्यावर चार्जर, त्यावर लाईटबिल, सगळ्यांना माहीत आहे पुढं काय होतं. मला त्या पुस्तकाकडं बघायची लाज वाटायला लागली. म्हणजे मोबाईलवर रात्री दीड-दोन तास काहीबाही बघत बसायला लाज नाही वाटायची, पण टीव्हीकडं नजर गेली की पोटात गोळा. शेवटी मुलीच्या हातनं परत पाठवलं. आणि त्यानंतर कित्येक महिने मी वाचनालयाच्या गल्लीतनं गेलो नाही. दळण आणायला सुद्धा मागच्या बाजूनं जायचो, बायको विचारायची एवढा वेळ का लागला.

ऑक्टोबरात मुलीच्या शाळेत वाचन प्रेरणा दिन, कलामसाहेबांची जयंती १५ तारखेला, तिला त्यांच्यावर दहा ओळी लिहायच्या होत्या म्हणून तिनं मला ओढत आणलं. मी बाहेरच चपला घालून उभा. तुम्ही तिला पुस्तक काढून दिलं, आणि मग टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला. त्यातनं माझं कार्ड काढलं. कार्डाला टाचणीनं एसटीचं तिकीट लावलेलं होतं. मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं, तसंच परत गेलेलं माझंच तिकीट. कंडक्टरच्या मशिनीतनं निघतं ते, त्यावरची छपाई उडून पांढरं झालेलं, टाचणीचा गंज लागलेला, आणि त्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: पान ३७.

तुम्ही कपाटाकडं गेला, ते फुगलेलं पुस्तक काढलं, ३७ नंबरचं पान उघडून त्यात तिकीट घातलं आणि म्हणाला, "हितपर्यंत आलावतासा."

बास. का सोडलं नाही, इतके दिवस कुठं होता नाही, आता तरी पुरं करा नाही. मधल्या काळात ते पुस्तक आणखी दोघांनी नेऊन आणलं होतं, मागच्या तारखांच्या शिक्क्यांवरनं दिसत होतं, आणि तरी माझं पान तुम्ही जपून ठेवलं होतं. मला सगळ्यांनी आजपर्यंत मी किती वाचलं नाही तेच दाखवलं. ट्रेनरनं ५२ मधनं वजा केलं, काउंटरवरच्यांनी शून्य दिला. तुमच्या हिशोबात मी ३७ पानं वाचलेला माणूस होतो. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो आणि मुलीला म्हटलं डोळ्यात कचरा गेलाय. तिनं फुंकर पण मारली.

ते पुस्तक आठ दिवसात झालं. १९४९ सालचं लिखाण आहे म्हणे पण धर्मा रामोशी वाचला आणि मला आमच्या लाईनवरचा एक हेल्पर दिसायला लागला, जो रोज वीस मिनिटं उशिरा यायचा आणि मी रोज त्याला सगळ्यांसमोर झाडायचो. त्याला पहिल्यांदा चहाला घेऊन गेलो आणि विचारलं घरी कोण कोण असतं. उत्तर इथं लिहीत नाही, त्याचं आहे ते. पण त्यानंतर आमचं वाजलं नाही. आता याला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट म्हणायचं का काय ते तुम्ही ठरवा.

मग तुम्ही कार्व्हर दिलं. वीणा गवाणकरांचं एक होता कार्व्हर. ते मी रात्री घरी वाचायला लागलो, आणि आप्पा, माझे वडील, ज्यांनी आयुष्यात पेपरात फक्त उसाचा दर वाचला, ते कॉटवरनं म्हणाले मोठ्यानं वाच की. गुलामीत जन्मलेलं पोर, लोकांचे कपडे धुवून शिकलं, तिकडं अमेरिकेत टस्कीगीच्या शाळेत मास्तर झालं, आणि कापूस घेऊन घेऊन मेलेल्या जमिनीत भुईमूग लावा म्हणून शेतकऱ्यांना सांगत फिरलं. भुईमूग म्हटल्यावर आप्पा उठून बसले. आमचं नदीकडचं दीड एकर उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालंय, पांढरा थर येतो वर. आप्पा म्हणाले, "आपल्याला असं सांगायला कोण आलं न्हाई रं." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "फुडं वाच."

माझ्या बापाबरोबर मी गेल्या वीस वर्षांत भांडणाशिवाय अर्धा तास बसलेला मला आठवत नाही.

तुम्ही कधी सवय कशी लावायची यावर भाषण दिलं नाही पण बारक्या बारक्या गोष्टी सांगत राहिला, त्या मी धरल्यात. पुस्तक घरात ठेवू नका डब्याच्या पिशवीत ठेवा, ही सगळ्यात कामाची. पुस्तक निवडताना पहिलं पान बघायचं नाही, पहिलं पान सगळेच चांगलं लिहितात, मधलं कुठलंतरी उघडून उभ्याउभ्या एक पान वाचायचं आणि याच्या आधी काय झालं असंल असं वाटलं तर न्यायचं. एक जड झालं की एक हलकं, दोन जड लागोपाठ नाही, "जेवणासारखंच आहे ते." आणि पन्नास पानांत मन लागलं नाही तर परत आणायचं, लेखकाला कळत नाही. मी तीन पुस्तकं अशी परत आणलीत आणि तिन्ही वेळेला तुम्ही फक्त "बरं" म्हणाला. आजपर्यंत माझी पुरी झालेली पुस्तकं एकोणीस. वर्षाला ५२ च्या हिशोबानं मी नापास आहे अजून.

मला माहीत आहे तुम्हाला यातनं काय मिळतं. १९६७ चा ग्रंथालयांचा कायदा, त्यातले अ ब क ड वर्ग, आपलं वाचनालय ड वर्गातलं, अनुदान येईल तेव्हा तुमचा पगार आणि तो आकडा मी इथं लिहिला तर लोकांना टायपिंग चुकलंय वाटेल. तरी संध्याकाळी पाचला दार उघडं असतं. पावसात लाईट जाते तेव्हा तुम्ही दारात खुर्ची घेऊन बसता कारण आत अंधार आणि कुणी आलं तर परत जायला नको. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं. कोटवाल्यांना हॉल भाड्यानं घ्यावा लागतो. असो, भरकटलो.

एक राहिलं. स्मृतिचित्रे मी मागच्या रविवारी द्यायला पाहिजे होतं. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायवाचायला शिकल्या असं मी जेवताना सहज सांगितलं आणि बायकोनं माझ्या डब्याच्या पिशवीतनं पुस्तक काढून घेतलं. ती आता देईना झालीय. दुपारी भांडी तशीच ठेवून वाचत बसती आणि मधेच एकटीच हसती, विचारलं तर म्हणती तुम्हाला नंतर कळंल. माझं तिकीट तिनं काढून टाकलं आणि स्वतःची केसाची पिन लावलीय. तिच्या नावाचं एक कार्ड करा काका, शंभर रुपये डिपॉझिट मी शनिवारी घेऊन येतो. उशिराचा दंड माझ्या कार्डावर लावा.