कापणीपर्यंत थांब

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालीस की भाताची लावणी उरकली, आता बघण्यासारखं काही राहिलं नाही, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळतंय तर गणपतीला घरीच येते. गणपतीला ये ना, आई वाट बघतीये, पण दोन दिवस राहून परत जा असं मला मनापासून वाटतं, आणि फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

मी त्र्यंबकला तुमच्या शेतीशाळेत आलो होतो त्या रविवारी केवढी माणसं आलेली, नाशिकची, मुंबईची, चिखलात उतरून थोडी रोपं खोचली, फोटो काढले, नागलीची भाकरी खाऊन अंधार पडायच्या आत परत. छानच आहे ते, लहान पोरांनी भात कुठून येतो ते तरी बघितलं. पण तू पाहुणी नाहीस, शिकायला गेलीयेस.

तुम्ही उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजला ते तूच किती रंगून सांगितलं होतंस, शेण, त्यावर फांद्या, पाला, गवत, वरून माती आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा म्हणजे सावकाश धुमसतो, तणाचं बी जळतं, राख तिथंच मुरते. आणि मग जुलैत रोपं मुळं न तुटता अलगद हातात आली तेव्हा म्हणालीस, आता कळलं राब कशाला भाजतात. मग लावणी कशी झाली हे कापणीशिवाय कसं कळणार, सांग बरं?

त्यात बियाणं तर अजून पुढेच आहे. चांगलं बी उभ्या पिकात निवडतात, कापणीच्या आधी शेतात फिरून, भरलेली लोंबी, निरोगी, आडवं न पडलेलं रोप. बांधाकडचं घ्यायचं नाही, ते ऊन आणि जागा जास्त मिळाल्यामुळे जोमदार दिसतं. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० ची पद्मश्री मिळाली. तुमच्या शेतीशाळेतल्या मावशींकडेही हीच नजर आहे, आणि ती त्यांच्या मागे शेतात फिरूनच येते.

मी तुला हे शिकवू शकत नाही गं. मखमलाबादला आपली सगळी द्राक्षं, डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली, बी पेरायचा प्रश्नच नाही. तुझे आजोबा बी सोडायला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायचे तर एकसारखं उगवायचं, ती मूठ त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून तिथल्या सरांना विचार, दिवाळीच्या आसपास कापणी होईपर्यंत राहू देतील का, जेवणाचे पैसे मी पाठवतो. पाय रात्री कोरडे करून खोबरेल लावत जा, चिखल्या अंगावर काढू नकोस. कापणीच्या वेळी आपल्या द्राक्षांच्या छाटणीची गडबड असेल, तरी कापणीची तारीख ठरली की कळव, मजुरांची सोय लावून मी येतो, विळा अजून चालतो माझा.

तुझा,
बाबा