गाठी मारणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "राहू दे व माय, एवढं काय केलं मी" म्हणता आणि चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे इथे, चार लोकांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला चालायचं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या गल्लीत तुम्ही गाद्या-उशा शिवता, तिथले लोक वाचताक्षणी ओळखतील.

बाबांच्या अंगावर आज आईच्या साड्यांची रजई आहे, ती तुमच्यामुळे. एवढं वाक्य लिहितानाही मला भरून येतं, कारण मधल्या काळात ही रजई पुरी होईल अशी आशाच मी सोडून दिली होती.

आईला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. तिच्या कपाटात सुती साड्याच जास्त. इतवारीतून घेतलेल्या, धुऊन धुऊन मलमलीइतक्या मऊ झालेल्या, काठ मात्र अजून पक्के. बाबांना थंडी सोसत नाही. २०१८ च्या डिसेंबरात, २९ तारखेला, नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्या रात्री आईने स्वतःची दुलई बाबांवर घातली आणि आपण दोन साड्या दुहेरी करून पांघरून झोपली. बाबा हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तिच्या साड्यांचंच पांघरूण कर, हे त्यांच्याच तोंडून आलं. मी चौकोन कापले, जोडले, वरचं कापड तयार केलं. आत भरायला आईच्या गादीतलाच कापूस पिंजून आणला. तिथपर्यंत सगळं नीट झालं.

पुढचं काम म्हणजे वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर एकमेकांना धरून ठेवणं. ते केलं नाही तर कापूस सरकतो, कोपऱ्यात गोळा होतो आणि छातीवर नुसतं कापड उरतं. यासाठी मी कुणाकुणाच्या दारात गेले ते तुम्हाला तुकड्यातुकड्याने सांगितलंय, आज सलग सांगते.

पहिलं एक मोठं बुटीक. काचेचं दार, आत कॉम्प्युटरवर चालणारी क्विल्टिंग मशीन. आगाऊ पैसे घेतले. मग "पुढच्या आठवड्यात" हे इतक्यांदा ऐकलं की फोन लावायचीच लाज वाटू लागली. शेवटी सगळं परत मिळालं ते पिशवीत कोंबलेलं. एका निळ्या चौकोनावर मशीनच्या तेलाचा डाग, दुसरा चौकोन शिवणीपाशी टरकलेला. "कापड जुनं आहे मॅडम, कापूस जाड आहे, आमची जबाबदारी नाही." जुनं आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कापूसही तेव्हाच दाखवला होता. पैशांचं जाऊ दे. आईच्या साड्या आहेत असं सांगून हातात दिलेली वस्तू त्यांनी चिंध्यांसारखी परत केली, ते मनातून जात नाही.

मग हाताच्या शिवणकामाचे वर्ग घेणाऱ्या एक बाई. त्यांनी कापसाची जाडी बोटांनी दाबून पाहिली. यातून धावदोरा जायचा नाही, म्हणाल्या, कापूस काढून टाका आणि पातळ पॉलिस्टर भरा. मी विचारलं, नुसत्या गाठी मारल्या तर चालतील का? त्या हसल्या. "ते गादीवाल्यांचं काम. त्यात कसली कला?" काकू, त्यांनी हिणवून म्हटलं खरं, पण रस्ता मात्र बरोबर दाखवला. मी तिथून उठले ती गादीवाल्यांचं काम करणाऱ्या माणसाच्या शोधात.

घरच्यांचं तर विचारूच नका. "एक चांगलं ब्लँकेट घेऊन दे बाबांना, मोकळी हो." हे ज्यांनी म्हटलं त्यांची वाईट भावना नव्हती. पण बाबांनी ब्लँकेट मागितलंच नव्हतं.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही आधी हात धुतलेत. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरलीत आणि मग माझी पिशवी उघडायला घेतलीत. मी तेव्हाच निम्मी सावरले. इतक्या दारांत ती पिशवी उघडली गेली होती, पण त्याआधी कुणी हात धुतले नव्हते. तुम्ही एकेक चौकोन तळव्याने सारखा करत विचारलंत, ही कोणती, ही कधीची. टरकलेल्या जागी बोट थांबलं तेव्हा कुणी फाडलं म्हणून विचारलं नाहीत. "हे काठाच्या तुकड्यानं झाकून घेऊ," एवढंच. आणि मग, "धरूनच ठेवाचं आहे ना? मंग जागोजागी धरू. मायच्या साड्यायले सारं अंगभर टोचून कायले काढाचं?"

गादीचं दाभण तुम्ही बाजूला ठेवलंत, यानं भोकं पडतीन म्हणालात, आणि डब्यातून मोठ्या नेढ्याची बारीक सुई काढलीत. त्या दुपारी मी तुमच्याकडून जे शिकले ते कोणत्याच वर्गात मिळालं नसतं. विरलेल्या कापडाला ओळीने टाके घातले की ते त्याच ओळीने फाटतं. गाठीचंही भय असतंच, कारण सगळा ताण एका ठिपक्यावर येतो. म्हणून चौकोनांचे चार कोपरे जिथे मिळतात तिथे तुम्ही गाठ घेतलीत, शिवणीमुळे कापड तिथे अनेक पदरी असतं. चौकोनाच्या मधोमध जिथे गाठ घ्यावीच लागली, तिथे खालून काठाचा बोटभर तुकडा ठेवलात. दोन गाठींमध्ये अर्धी वीत, जास्त नाही. पॉलिस्टरच्या भरणीला याहून लांब चालतं, तिचे तंतू एकमेकांना धरून असतात. मोकळा पिंजलेला कापूस तसा थांबत नाही. आणि गाठींमुळे मधला कापूस दबला नाही. रजई फुगीर राहिली, म्हणून तर ती उबदार आहे.

हे सगळं तुमचं कसब, त्याचं कौतुक तुमची गल्ली करतेच. मला लिहायचं आहे ते बाबांबद्दल.

बाबा माझ्यासोबत आले होते, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. बोलता बोलता निघालं की ते एम्प्रेस मिलमध्ये लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली मिल. २००२ साली ती बंद झाली, आता त्या जागेवर मॉल आहे. लूमवर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारायची, तीही इतकी बारीक की विणलेल्या कापडात हाताला लागता कामा नये. आई सांगायची, बाबांची चिमूट मिनिटाला कितीतरी गाठी मारायची, नजर दुसरीकडेच असायची. आता त्या हातांना कंप सुटलाय. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. शर्टाच्या गुंड्या मी लावते, आणि लावताना ते दुसरीकडे बघतात.

तुम्ही त्यांचे हात पाहिले होते. तरी म्हणालात, "मिलमधले होय? मंग तिथं काऊन बसले भाऊजी, इकडं या. शेवटची ओळ तुमच्या हातची."

सुई तुम्ही घालत होता, वरून खाली, खालून पुन्हा वर. दोऱ्याची दोन टोकं वर सोडून रजई त्यांच्याकडे सरकवत होता. गाठ मारायची ती बाबांनी. पहिल्याच गाठीला किती वेळ लागला! तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत की "जमलं, जमलं" असं लहान मुलाला म्हणतात तसं म्हटलं नाहीत. पुढच्या जागी सुई घालून नुसत्या थांबलात. तिसऱ्या-चौथ्या गाठीनंतर बाबा बोलायला लागले. मिलच्या भोंग्याबद्दल, उडणाऱ्या कापसाबद्दल, दुपारच्या डब्यात आई काय द्यायची त्याबद्दल. आई गेल्यापासून ते सलग इतकं बोलले नव्हते.

उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून घेतलं तर गाठ सपाट बसते, ओढलं की आणखी आवळते. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं तर ती वाकडी बसते आणि धुता-वापरताना हळूहळू सुटते. बाबांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण बोटं ऐकत नाहीत. काही गाठी वाकड्या बसल्या. मी पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. मी सोडवायला हात पुढे केला तर तुम्ही माझं मनगट हलकेच दाबलंत.

बाबा उठून बाहेर नळावर गेले तेव्हा तुम्ही त्याच रंगाचा बारीक दोरा ओवलात. प्रत्येक वाकड्या गाठीच्या पोटातून एक टाका घातलात आणि तो खाली अस्तराला पक्का केलात. गाठ होती तशीच राहिली, वाकडीच, फक्त आता ती सुटणार नाही. मी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "त्यायची गाठ आहे ना व. ते आपण कायले सोडाची?"

बाबा परत येईपर्यंत सुई पुन्हा पुढच्या जागी होती. त्यांना आजही ठाऊक नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवणार आहे, पण एवढा भाग सोडून.

काकू, बाबांच्या आजारपणात मदत करणारे खूप भेटले. त्यातले बरेचसे चांगलेही होते. पण मदत करताना माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही, हे फार थोड्यांना कळतं. एका बँकेत सही जुळत नाही म्हणून बाबांना रांगेसमोर पुन्हापुन्हा सही करायला लावली, शेजारच्या टेबलावरून "अंगठा घ्या ना आजोबांचा" असा आवाजही आला. माझ्या बाबांनी आयुष्यभर झोकदार सही केली आहे. त्याच दिवशी परत येताना एका ऑटोवाल्याने मात्र बाबांना हाताला धरून ओढलं नाही. आपला दंड पुढे केला, ते स्वतः धरून चढेपर्यंत थांबला, मागच्या गाड्यांचे हॉर्न खुशाल वाजू दिले. अशी माणसं आहेत म्हणून म्हातारपण घेऊन या शहरात वावरता येतं. ती फार बोलत नाहीत, त्यांच्या दुकानाला काचेचं दार नसतं, आणि आपण त्यांचं नाव विचारायलाही विसरतो. शिकलेल्या, मशीनवाल्या, पाट्यावाल्या लोकांकडून मी रिकामी परतले आणि तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत माझं काम झालं, हे मला मोठ्याने सांगायचं आहे.

गाठींच्या कामाला हसणाऱ्या त्या बाईंसाठीही एक सांगते. नंतर मी वाचलं, अमेरिकेत अशा गाठी मारलेल्या रजया पिढ्यान्पिढ्या होत आल्या आहेत, त्यांना तिथे कम्फर्टर म्हणतात. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची १९२० साली स्थापन झालेली एक मदतसंस्था आहे, तिच्यासाठी गावोगाव लोक एकत्र बसून अशा रजया गाठतात आणि त्या युद्धात, संकटात घर सुटलेल्या माणसांना पाठवल्या जातात. सराईत हाताच्या बायकांशेजारी शाळेतली पोरं बसतात, म्हातारी माणसं बसतात, कारण गाठ कुणालाही मारता येते. कापडाच्या काठाशी जो बसेल त्याला काम असतं. तुम्ही बाबांना बोलावलंत ते असं काही वाचून नव्हे, ते तुमच्या स्वभावातच आहे.

रजई आता रोजच्या वापरात आहे. बाबा ती घडी करताना शेवटची ओळ वर येईल अशी करतात. ताईचा मुलगा आला होता तेव्हा "हे मी केलं" म्हणून त्याला बोट ठेवून दाखवलं, आणि त्या पोराने टोकं ओढून पाहिली. ओढून, काकू! सगळ्या गाठी जागच्या जागी आहेत.

आता हिशोबाचं. तुम्ही माझ्याकडून फक्त दोऱ्याचे पैसे घेतलेत, ते मला पटलेलं नाही. आमच्या वहिनीकडे तिच्या आईची लुगडी आहेत आणि शेजारच्या दोघींनाही हे काम शिकायचं आहे. त्या तिघींकडून शिकवण्याचे पैसे घ्यायचे, रीतसर, आधी ठरवून. त्यांनाही मी तसंच सांगून ठेवलंय. बुटिकवाले आगाऊ घेतात, तर तुम्ही का नाही घ्यायचे? बाबाही येतो म्हणतात. सांबारवडी करून आणते, तर्री वेगळ्या डब्यात, तुमच्या तिखटाच्या अंदाजाने. रविवारी दुपारी चारला येऊ. नाही म्हणू नका.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली